परक्या तारा, घरचे सूर : आयरिश संगीतांतील मँडोलिन व त्याचे भाऊबंद

कोणत्याहि देशाच्या संगीताचा इतिहास सांगतांना गायक-वादकांचीं नांवें सहज ओठांवर येतात. परंतु ज्या लांकडांतून आणि तारांतून तें संगीत उमटतें, त्या वाद्यांच्या प्रवासाकडे क्वचितच लक्ष जातें. वाद्येंहि माणसांप्रमाणेंच देशांतर करितात, परक्या मुलुखांत बिऱ्हाड थाटतात, तेथील भाषा शिकतात, आणि दोन पिढ्यांनंतर आपण बाहेरचे होतों हें कोणाला आठवूं देत नाहींत. महाराष्ट्राला याचें उदाहरण दूर शोधावयास नको. यूरोपांतून आलेली पेटी मराठी रंगभूमीची जिवलग सखी झाली; आणि त्याच पेटीला १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें आपल्या ध्वनिमंदिराचीं दारें बंद केलीं, तीं १९७१ पर्यंत किलकिलीं झालीं नाहींत. परकें वाद्य घरांत घ्यावें कीं नाहीं, आणि घेतल्यास कोणत्या अटीवर घ्यावें, हा वाद ज्या ज्या ठिकाणीं जुनें संगीत जिवंत आहे त्या त्या ठिकाणीं उभा राहतो. आयर्लंडमध्यें तो मँडोलिन, बँजो आणि बुझुकी या तारवाद्यांच्या रूपानें उभा राहिला, आणि त्याचा निकाल मोठा बोधप्रद आहे.

आयर्लंड, स्कॉटलंड, वेल्स, ब्रिटनी इत्यादि प्रदेशांच्या लोकसंगीताला आज सरसकट ‘केल्टिक’ म्हणण्याची रूढि आहे. हें नांव मूळ भाषांच्या नात्यावरून आलेलें आहे. त्या सर्व प्रदेशांचें संगीत एकच आहे असा त्याचा अर्थ नव्हे. ब्रिटनीचा बासरीवाला आणि क्लेअर परगण्यांतील फिडलवाला यांच्या सुरांत जेवढें साम्य तेवढाच भेदहि आहे. मँडोलिनाच्या कुळाची कथा मुख्यतः आयर्लंडांत, आणि कांहीं अंशीं स्कॉटलंड व उत्तर इंग्लंड येथें घडली. म्हणून तिचा मागोवा तेथेंच घेणें योग्य.

या संगीताचा गाभा म्हणजे एकेरी सुरावट. पाश्चात्त्य दरबारी संगीताप्रमाणें अनेक स्वरांचे थर एकावर एक रचण्याची पद्धति तेथें मुळांत नव्हती. फिडल, बासरी, आणि कोपराखालच्या भात्यानें वारा भरून वाजविली जाणारी ‘इलन’ पाइप हीं वाद्यें एकच सुरावट एकाच वेळीं वाजवीत, आणि ज्याची त्याची करामत मुरक्या-हरकतींत दिसे. ‘जिग’ आणि ‘रील’ या नृत्यांच्या चाली हें त्यांतील मुख्य भांडवल. आपल्या कानांना त्या चालींपैकीं पुष्कळशा काफी किंवा खमाज थाटाच्या जवळच्या वाटतील. कारण युरोपच्या जुन्या स्वरपंक्ति तेथें लोकांच्या तोंडीं टिकून राहिल्या.

परंतु याहूनहि जुनें असें एक वैभव आयर्लंडापाशीं होतें. तें म्हणजे धातूच्या तारांचें हार्प. सरदारांच्या आश्रयानें वाढलेली ही विद्या आश्रयदात्यांबरोबरच खालावत गेली. इ. स. १७९२ च्या जुलै महिन्यांत बेलफास्ट येथें हार्पवादकांचा मेळावा भरला, तेव्हां दहाच आयरिश वादक जमले. त्यांत नव्वदी ओलांडलेला अंध डेनिस हेम्पसन हाच काय तो जुन्या रीतीनें, वाढविलेल्या नखांनीं, तारा छेडणारा होता. एडवर्ड बंटिंग नांवाचा १९ वर्षांचा ऑर्गनवादक त्या चाली टिपून घेण्यास बसला होता, म्हणून त्या वांचल्या. चाली वांचल्या, पण त्यांचा ध्वनि गेला. नखाखालून उमटणारा, घंटेसारखा रेंगाळणारा तो तारेचा नाद त्यापुढील पिढ्यांना ऐकूं आला नाहीं. तारवाद्याची ती जागा आयरिश संगीतांत जवळजवळ दीडशें वर्षें मोकळीच राहिली, ही गोष्ट पुढील कथेसाठीं लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

मँडोलिनाचें माहेर इटलींत. ल्यूट या जुन्या वाद्याच्या धाकट्या भावंडांपैकीं तें एक. अठराव्या शतकांत नेपल्स शहरांतील कारागिरांनीं, विशेषतः व्हिनाच्चिया घराण्यानें, त्याला आजचें रूप दिलें : पातळ फांकांनीं जोडलेलें भोपळ्यासारखें खोल पोट, तारांच्या चार जोड्या, आणि व्हायोलिनच्याच स्वरांत त्यांची जुळणी. जी, डी, ए, ई अशा चढत्या क्रमानें प्रत्येक जोडी मागील जोडीच्या पंचमावर लावलेली असते. व्हिव्हाल्डीसारख्या संगीतरचनाकारानें या वाद्यकुळासाठीं रचना केल्या. एकोणिसाव्या शतकांत याच घराण्यांतील पास्क्वाले व्हिनाच्चिया यानें त्याला पोलादी तारा व खुंट्या पिळण्याचीं यांत्रिक चाकें जोडलीं. त्यामुळें आवाज वाढला आणि सूर टिकूं लागला. तोडलेली तार लवकर विझते. म्हणून नेपल्सचे वादक एकच स्वर नखीनें भराभर कांपवीत ठेवीत. हें थरथरतें रेंगाळणें म्हणजे इटालियन मँडोलिनाची ओळखच होय.

१८८० सालीं न्यूयॉर्कमध्यें स्पॅनिश विद्यार्थ्यांच्या वेषांतील एक वादकमेळा उतरला. त्यांच्या हातीं वस्तुतः बांदुरिया हें स्पॅनिश वाद्य होतें. पण प्रेक्षकांनीं त्यालाच मँडोलिन मानलें, आणि तेथें स्थायिक झालेल्या इटालियन वादकांनीं या गैरसमजाचा लाभ उठवून तसेच वेष चढवून मेळे काढले. पाहतां पाहतां अमेरिकेंत मँडोलिनाची साथ पसरली. कलामझू येथील ऑर्व्हिल गिब्सन यानें १८९८ सालीं नव्या घडणीचें पेटंट मिळविलें. त्यानें फांकांचें खोल पोट टाकून दिलें, आणि व्हायोलिनप्रमाणें सर्व लांकूड कोरून कमानदार तबकडी व पाठ घडविली. त्याच्या नांवाची कंपनी १९०२ मध्यें निघाली. व्हायोलिनच्या कुटुंबांत जसे व्हायोला व चेलो, तसे मँडोलिनाच्या कुटुंबांत मँडोला व मँडोचेलो आले. १९२२ सालीं याच कंपनीनें लॉइड लोर याच्या देखरेखीखालीं एफ-५ हें मँडोलिन बाहेर काढलें. त्याच्या तबकडीवर मध्यें गोल छिद्र नसून व्हायोलिनसारखीं दोन नागमोडी छिद्रें होतीं. त्या जातीचेंच १९२३ सालचें एक वाद्य पुढें बिल मन्रो याच्या हातीं गेलें, आणि अमेरिकेच्या ‘ब्लूग्रास’ संगीताचा तो आवाज ठरला.

आयरिश संगीताला मँडोलिन जवळचें वाटण्याचें कारण अगदीं सरळ आहे. त्याच्या तारा फिडलच्याच स्वरांत लावलेल्या. म्हणून फिडलवर बसलेलीं बोटें मँडोलिनावर आयतीं बसतात. शिकागो शहराचा पोलिसप्रमुख असलेल्या फ्रान्सिस ओनील या आयरिश गृहस्थानें १९०३ सालीं १,८५० चालींचा संग्रह छापला. फिडलवाल्यांचा तो भांडार मँडोलिनवाल्यांनाहि एक अक्षर न बदलतां खुला होता. मात्र नेपल्सची थरथर येथें उपयोगी नव्हती. नृत्याच्या चालींत स्वर रेंगाळत नाहीं, धांवतो. फिडलवाला गजाच्या एकाच ओढींत बोटांनीं जी गिरकी घेतो, ती नखीच्या वाद्यावर उमटत नाहीं. तिच्या जागीं ‘खालीं-वर-खालीं’ असे नखीचे तीन तुटक आघात आले. अशा रीतीनें परक्या वाद्यानें परक्या संगीताचें व्याकरण शिकून घेतलें.

परंतु एक उणीव राहिलीच. मँडोलिनाचा आवाज लहान. चार फिडल, एक पाइप आणि एक अकॉर्डियन अशा बैठकींत मँडोलिनवाल्याची बोटें हलतांना दिसत. ऐकूं कांहीं येत नसे. ही उणीव भरून काढली बँजोनें.

बँजोची जन्मकथा दुःखाची आहे. आफ्रिकेंतून गुलाम करून नेलेल्या माणसांनीं आपल्या मायदेशाच्या स्मृतींतून भोपळा, कातडें आणि तारा जोडून अमेरिकेंत हें वाद्य घडविलें. १८४० नंतरच्या दशकांत तोंडाला काजळी फांसून निग्रोंचें सोंग आणणाऱ्या गोऱ्या नाटकमंडळ्यांनीं तें ब्रिटन व आयर्लंड येथें नेलें. विसाव्या शतकाच्या आरंभीं नाचघरांच्या वाद्यवृंदांसाठीं चार तारांचा ‘टेनर’ बँजो निघाला, आणि तो नखीनें वाजूं लागला. मूळ वॉटरफर्डच्या व न्यूयॉर्कांत स्थायिक झालेल्या फ्लॅनगन बंधूंपैकीं माइक फ्लॅनगन यानें १९२१ ते १९३३ या काळांत ध्वनिमुद्रिकांवर तो आयरिश चालींसाठीं वाजविला. त्या तबकड्या आयर्लंडांत घरोघर ऐकल्या जात. घर सोडून गेलेल्यांनीं घरच्यांना पाठविलेली ही भेट होती.

टेनर बँजो मूळचा सी, जी, डी, ए या स्वरांत लागे. त्यामुळें फिडलच्या चाली त्यावर वाजवितांना बोटें बदलावीं लागत. १९६२ सालीं स्थापन झालेल्या ‘डब्लिनर्स’ या मंडळींतील बार्नी मकेना (१९३९-२०१२) यानें तारा उतरवून त्या जी, डी, ए, ई वर, म्हणजे फिडलच्या बरोबर एक सप्तक खालीं लावल्या, आणि हीच जुळणी त्याच्यामुळें रूढ झाली. कातड्याच्या तबकडीमुळें आघात खणखणीत येतो; बैठकींत तो हरवत नाहीं. मँडोलिनावर शिकावें आणि बँजोवर ऐकूं यावें, असा मार्ग पुष्कळांनीं धरला.

इतकें होईपर्यंत हीं सर्व वाद्यें सुरावटच वाजवीत होतीं. साथीचा प्रश्न निराळा, आणि अधिक नाजूक. पियानो किंवा गिटार घेऊन कोणी साथीस बसला, तर तो प्रत्येक वळणावर मेजर कीं मायनर असा निवाडा देऊं लागतो. आपल्या भाषेंत, गंधार शुद्ध कीं कोमल हें तो मोठ्यानें ओरडून सांगतो. आयरिश चालींतील जुन्या स्वरपंक्तींना हा निवाडा अनेकदां मानवत नाहीं. सुरावट संदिग्ध राहूं इच्छिते, आणि साथ तिला चौकटींत ठोकून बसविते. या पेचांतून वाट निघाली ती अनपेक्षित दिशेनें, ग्रीसमधून.

बुझुकी हें तुर्की साझच्या गोत्रांतलें लांब मानेचें वाद्य. १९२२ च्या पराभवानंतर आशिया मायनरमधून ग्रीसमध्यें लोटलेल्या निर्वासितांच्या वस्त्यांत, बंदरांवरील गुत्त्यांत, ‘रेबेटिको’ गीतांच्या साथीनें तें वाढलें. मुळांत त्याला तारांच्या तीन जोड्या. पुढें चार जोड्यांचें रूप लोकप्रिय झालें. १९६५-६६ च्या सुमारास डब्लिनच्या जॉनी मॉयनिहन याच्या हातीं असें एक वाद्य आलें. ‘स्वीनीज् मेन’ या मंडळींतून त्यानें तें आयरिश संगीतांत आणलें. मात्र ग्रीक जुळणी टाकून जी, डी, ए, डी अशी जुळणी त्यानें स्वीकारली. ही जुळणी त्यानें पूर्वीं मँडोलिनावर वापरून पाहिली होती. सर्वांत उंच तार ‘ई’ ऐवजीं ‘डी’ वर आली, एवढाच काय तो फेर. पण त्यानें सर्व कांहीं बदललें. आयरिश चालींचा मोठा भाग ‘डी’ हा षड्ज धरून, किंवा त्याच्या निकटच्या स्वरांवर उभा आहे. आतां षड्ज आणि पंचम मोकळ्या तारांवर तंबोऱ्यासारखे घुमत राहिले, आणि गंधाराला हात लावल्यावांचून साथ करितां येऊं लागली.

मॉयनिहनाचा सहकारी अँडी अर्व्हिन आणि त्याचा मित्र डोनल लनी यांनीं हें काम पुढें नेलें. लनीनें १९७० सालीं पीटर अबनेट या इंग्रज कारागिराकडून आयरिश संगीतासाठीं मुद्दाम एक बुझुकी घडवून घेतली. ग्रीक वाद्याचें खोल पोट मांडीवरून घसरतें. या नव्या वाद्याची पाठ बरीच सपाटीकडे आणलेली होती. १९७२ मध्यें ‘प्लँक्स्टी’ ही मंडळी उभी राहिली. तींत अर्व्हिनचें मँडोलिन आणि लनीची बुझुकी एकमेकांत अशीं गुंफलीं गेलीं, कीं कोण सुरावट वाजवितो आणि कोण साथ करितो हें सांगणें कठीण व्हावें. ‘डी डॅनन’ मंडळींतील अलेक फिन (१९४४-२०१८) यानें मात्र तीन जोड्यांची जुनी ग्रीक बुझुकीच हातांत ठेवली, आणि ती डी, ए, डी या स्वरांत लावून फिडलभोवतीं एक नाजुक जाळें विणलें. त्याच दशकांत उत्तर इंग्लंडांतील कारागीर स्टीफन सोबेल यानें पांच जोड्यांचें एक वाद्य घडविलें, आणि पुनरुज्जीवनकालांतील विस्मृत वाद्यावरून त्याला ‘सिटर्न’ हें नांव दिलें.

या आगंतुकांचें स्वागत सर्वांनीं हंसतमुखानें केलें असें समजण्याचें कारण नाहीं. १९६२ सालीं शॉन ओ रिआदा या रचनाकारानें आयर्लंडच्या नभोवाणीवर ‘आपला संगीतवारसा’ या विषयावर व्याख्यानमाला दिली. तींत अकॉर्डियन आणि नाचघरांतील वाद्यवृंद यांवर त्यानें कठोर टीका केली. तयार पडद्यांचें यांत्रिक वाद्य परंपरेची हरकत गिळून टाकतें, हा त्याचा आक्षेप होता. आपल्याकडील पेटीवरील आक्षेपाशीं तो किती जुळता आहे! परंतु तोच ओ रिआदा आपल्या वादकमंडळींत स्वतः हार्प्सिकॉर्ड वाजवीत असे. कारण विचारल्यास उत्तर असें, कीं धातूच्या तारांच्या जुन्या आयरिश हार्पचा नाद त्याला त्या परक्या वाद्यांतच जवळचा वाटला. म्हणजे खरा प्रश्न वाद्य कोठें जन्मलें हा नव्हता. तें सुरावटीला मोकळें ठेवतें कीं बांधतें, हा होता. हेम्पसनच्या नखांबरोबर गेलेला तारांचा झंकार आणि बुझुकीच्या मोकळ्या तारांचा झंकार यांत वंशाचें नातें नाहीं. ध्वनीचें साम्य मात्र आहे, आणि रिकाम्या जागेला तेवढें पुरेसें झालें.

ही पार्श्वभूमि ध्यानांत घेतली म्हणजे या संगीतासाठीं वाद्य निवडण्याचें तत्त्व आपोआप हातीं येतें. पहिली कसोटी तारेच्या लांबीची. मँडोलिनाची वाजती तार सुमारें १४ इंच. तींत दुसऱ्या पडद्यापासून सातव्या पडद्यापर्यंतचें अंतर सुमारें ३ इंच भरतें, आणि चार बोटांत तें सहज मावतें. बुझुकीची तार बहुधा २४ ते २७ इंच. २६ इंचांच्या तारेवर तेंच अंतर पावणेसहा इंचांवर जातें. वेगवान रील वाजवितांना एवढी झेंप करंगळीला परवडत नाहीं. म्हणून ज्याला सुरावट वाजवावयाची आहे त्यानें आखूड तारेचें वाद्य घ्यावें, आणि ज्याला साथ करावयाची आहे त्यानें लांब तारेचें. कारण लांब तार अधिक वेळ घुमते. दोहोंच्या मधलें, सुमारें २० ते २२ इंचांचें, एक सप्तक खालीं लागणारें मँडोलिन दोन्ही कामें बेतानें करितें.

दुसरी कसोटी छिद्राची आणि पोटाची. एफ-५ च्या धर्तीचें, दोन नागमोडी छिद्रांचें कोरीव मँडोलिन धारदार बोलतें आणि चटकन् थांबतें. ब्लूग्रासमध्यें तालाचा छेद देण्यास तें उत्तम. पण आयरिश चालीला एका स्वरानें दुसऱ्या स्वराचा हात धरावा लागतो, म्हणून तेथें गोल किंवा लंबगोल छिद्राचें, अधिक भरदार व रेंगाळत्या आवाजाचें वाद्य बहुतेकांना रुचतें. सपाट पाठीचीं साधीं वाद्यें या कामीं महागड्या नक्षीदार वाद्यांपेक्षां कमी पडतातच असें नाहीं. तबकडी मात्र स्प्रूससारख्या हलक्या लांकडाची व अखंड असावी. थर चिकटवून केलेल्या लांकडाचें वाद्य स्वस्त पडतें, पण त्याचा कंठ कोंडलेला असतो. नेपल्सचें खोल पोटाचें जुनें वाद्य गोड खरें, परंतु तें मांडीवर ठरत नाहीं. आणि त्याची मान वाकलेली असेल तर सूर कधींच मिळत नाहीं. घोडी योग्य जागीं आहे कीं नाहीं, व बाराव्या पडद्यावरील स्वर मोकळ्या तारेच्या सप्तकाशीं तंतोतंत जुळतो कीं नाहीं, हें पाहिल्यावांचून कोणतेंहि वाद्य घरीं आणूं नये.

तिसरी कसोटी नांवांची, आणि ती फसवी आहे. अमेरिकेंत मँडोला म्हटलें म्हणजे व्हायोलाच्या स्वरांतलें वाद्य. ब्रिटन व आयर्लंड येथें तोच शब्द पुष्कळदां एक सप्तक खालच्या मँडोलिनाला लावितात. बुझुकी, सिटर्न आणि सप्तकी मँडोलिन यांच्या सीमारेषा तर प्रत्येक कारागीर आपल्या मनानें आंखतो. म्हणून नांवावर न जातां तारांच्या जोड्या किती, तारेची लांबी किती आणि जुळणी कोणती, या तीन प्रश्नांचीं उत्तरें मिळवावीं.

शेवटची कसोटी सभ्यतेची. आयरिश बैठकींत बँजो घेऊन बसणाऱ्याजवळ सर्वांना झांकून टाकण्याचें सामर्थ्य असतें. मँडोलिनवाल्याजवळ तें नसतें. एकानें हात आवरावयास शिकावें लागतें, दुसऱ्यानें ऐकूं न येण्याचें दुःख गिळून चाल पाठ करावी लागते. साथवाल्यानें तर चाल स्वतःला वाजवितां येत नसेल तोंवर तींत हात घालूं नये, असा तेथील जाणत्यांचा संकेत आहे. एके काळीं उपरीं ठरलेलीं हीं वाद्यें आज परंपरेच्या उत्सवांत, ‘फ्ला क्योल’ या मोठ्या स्पर्धांत, बँजो व मँडोलिन अशा स्वतंत्र वर्गांत मानानें वाजतात. त्यांना हा मान मिळाला तो त्यांनीं घरचे सूर बदलले म्हणून नव्हे. परक्या वाद्यानें आधीं घरच्या चालीचें ऐकून घेतलें, तिच्यासाठीं आपल्या तारा उतरविल्या, आपली पाठ सपाट करून घेतली. आणि मगच तें तिच्या शेजारीं बसलें. पाहुण्याला घरचा करून घेण्याची हीच रीति सर्वत्र आहे, आणि त्यांत यजमानाइतकीच पाहुण्याचीहि परीक्षा असते.